‘तेजस’ परदेशात का विकले जात नाही? आणि त्याचा कळंबच्या आयटीआयशी काय संबंध?

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकजवळच्या ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड, म्हणजेच एचएएलच्या कारखान्यात ‘तेजस मार्क-१ए’ या लढाऊ विमानाच्या तिसऱ्या उत्पादन लाइनचे उद्घाटन संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या हस्ते झाले. नाशिकमध्ये तयार झालेले पहिले तेजस त्या दिवशी आकाशात झेपावले. महिनाभरात, २१ नोव्हेंबरला, दुबईच्या हवाई प्रदर्शनात कसरती करताना एक तेजस कोसळले आणि विंग कमांडर नमांश स्याल यांना प्राण गमवावे लागले. पहिल्या बातमीनंतर ‘आता जग आपली विमाने घेणार’ अशा पोस्ट फिरत होत्या, दुसऱ्या बातमीनंतर ‘हे विमान कोण घेणार’ अशा फिरू लागल्या.

या दोन्ही टोकांच्या मध्ये जे समजून घ्यायला हवे ते राहूनच गेले. चांगले आणि परवडणारे लढाऊ विमान बनवायचे आणि दुसऱ्या देशांना विकायचे म्हणजे नेमके काय करावे लागते? भारताला ते अजून का जमलेले नाही? आणि धाराशिव जिल्ह्यातल्या कळंबसारख्या तालुक्यात राहणाऱ्या, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या मुलामुलींचा त्याच्याशी काही संबंध आहे का?

माझ्या मते आहे, आणि तो साधा आहे. विमान स्वस्त पडते की महाग, हे ते किती वेगाने तयार होते यावर बरेचसे ठरते. वेग कुशल हातांवर ठरतो. ते हात कोणाच्या घरातले असतील, हा आपला प्रश्न आहे. तिथपर्यंत पोहोचण्यासाठी आधी विमान समजून घेऊ.

बहुउद्देशीय विमान म्हणजे काय?

पूर्वी हवाई दलांकडे प्रत्येक कामाला वेगळे विमान असे. शत्रूच्या विमानाशी लढायला एक, जमिनीवर बॉम्ब टाकायला दुसरे, टेहळणीला तिसरे. श्रीमंत देशांनाही हा खर्च झेपेना. मग रडार, संगणक आणि क्षेपणास्त्रे सुधारली, तसे एकच विमान ही सगळी कामे करू लागले. त्याला बहुउद्देशीय लढाऊ विमान म्हणतात.

तेजस हे या वर्गातले हलके, एका इंजिनाचे विमान आहे. रिकाम्या विमानाचे वजन साडेसहा टनांच्या आसपास, तर इंधन आणि शस्त्रांसह ते जास्तीत जास्त साडेतेरा टन भरते. सांगाड्याचा मोठा भाग धातूऐवजी कार्बनच्या संमिश्र पदार्थाचा आहे, म्हणून ते हलके आहे. ‘मार्क-१ए’ या सुधारित आवृत्तीत नव्या पद्धतीचे रडार, शत्रूच्या रडारला चकवणारी यंत्रणा आणि उडता उडता इंधन भरून घेण्याची सोय आहे.

ज्या देशांना राफेल किंवा एफ-३५ परवडत नाही, पण जुनी मिग किंवा एफ-५ विमाने बदलायची आहेत, ते अशा विमानाचे संभाव्य ग्राहक. आग्नेय आशिया, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेत असे अनेक देश आहेत. बाजारपेठ आहे, यात शंका नाही.

सोलापूरच्या माणसाचा कारखाना

एचएएलचा उगम आपल्या शेजारच्या जिल्ह्यातल्या माणसाशी जोडलेला आहे. सोलापूरला जन्मलेले उद्योजक वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या मदतीने बंगळूरला ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ ही कंपनी स्थापन केली. दुसरे महायुद्ध सुरू होते. १९४२ मध्ये सरकारने वालचंद यांचा हिस्सा विकत घेतला आणि कारखाना सरकारी झाला. १९६४ मध्ये मिग विमानांसाठी काढलेली सरकारी कंपनी त्यात विलीन झाली आणि आजची एचएएल उभी राहिली. ओझरचा कारखानाही त्याच काळातला. तेव्हा संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण, आणि ते लोकसभेवर निवडून आले होते नाशिकमधूनच.

ओझरने आधी मिग-२१, मग मिग-२७, मग सुखोई-३० बनवली. पण ती रशियन आराखड्यावर, परवाना घेऊन. नकाशा दुसऱ्याचा आणि हात आपले, असा हा साठ वर्षांचा अनुभव आहे.

स्वतःचा नकाशा काढण्याचा पहिला मोठा प्रयत्न म्हणजे ‘मरुत’. जर्मन अभियंता कुर्ट टँक यांच्या नेतृत्वाखाली बनलेले हे विमान १९६१ मध्ये उडाले. सांगाडा उत्तम होता, पण त्याला साजेसे ताकदीचे इंजिन मिळालेच नाही. सुमारे दीडशे विमाने बनून प्रकल्प थांबला. हा धडा लक्षात ठेवा, कारण तोच पुढे पुन्हा गिरवावा लागला.

१९८३ मध्ये हलक्या लढाऊ विमानाचा प्रकल्प मंजूर झाला. आराखड्यासाठी १९८४ मध्ये बंगळूरला एरोनॉटिकल डेव्हलपमेंट एजन्सी स्थापन झाली. इंजिनही आपणच बनवायचे म्हणून १९८९ मध्ये ‘कावेरी’ प्रकल्प सुरू झाला. मे १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध लादले. विमानाच्या नियंत्रण प्रणालीवर अमेरिकेत काम करणाऱ्या आपल्या अभियंत्यांना परत यावे लागले आणि ते काम इथे नव्याने पूर्ण करावे लागले. ते त्यांनी केले. ४ जानेवारी २००१ रोजी विमान पहिल्यांदा उडाले, २००३ मध्ये त्याला ‘तेजस’ हे नाव मिळाले आणि १ जुलै २०१६ रोजी हवाई दलाच्या ४५ व्या स्क्वाड्रनमध्ये ते दाखल झाले. कावेरी इंजिन मात्र अपेक्षित ताकद देऊ शकले नाही आणि २००८ मध्ये ते तेजसपासून वेगळे करण्यात आले. तेजस आजही अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या एफ-४०४ इंजिनावर उडते.

‘स्वस्त’ म्हणजे किती?

फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने ८३ तेजस मार्क-१ए विमानांचा करार केला. रक्कम होती सुमारे ४५,६९६ कोटी रुपये. सरळ भागाकार केला तर एका विमानाला ५५० कोटी. पण एचएएलने तेव्हा सांगितलेली मूळ किंमत होती लढाऊ विमानाला सुमारे ३०९ कोटी आणि दोन आसनी प्रशिक्षण विमानाला सुमारे २८० कोटी. करारातील ७३ लढाऊ आणि १० प्रशिक्षण विमानांचा हिशेब केला तर विमानांचीच किंमत साधारण २५ हजार कोटी होते.

मग उरलेले २० हजार कोटी कुठे गेले? विमानतळावरची तपासणीची उपकरणे, सुटे भाग, तळावरच्या सोयी, सीमाशुल्क आणि इतर कर. ट्रॅक्टर घेणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. शोरूमची किंमत एक असते. नांगर, ट्रॉली, विमा, हप्ते आणि पुढच्या पंधरा वर्षांचे सुटे भाग धरून खरी किंमत वेगळीच निघते. लढाऊ विमान तर तीस-चाळीस वर्षे वापरायचे असते. म्हणून विमान विकत घेणारा देश किंमत विचारतोच, पण त्याआधी विचारतो की सुटे भाग वेळेवर मिळतील का, दुरुस्ती कोण करेल आणि अजून वीस वर्षांनी तुमचा कारखाना चालू असेल का.

विमानाची मूळ किंमतही संख्येवर अवलंबून असते. आराखडा, चाचण्या, साचे आणि यंत्रसामग्री यांचा खर्च दहा विमाने बनवली काय किंवा हजार बनवली काय, फारसा बदलत नाही. तो जितक्या विमानांवर वाटला जाईल तितके विमान स्वस्त. शिवाय पहिल्या विमानाला जो जोड बसवायला कामगाराला आठवडा लागतो, तोच पन्नासाव्या विमानाला दोन दिवसांत बसू शकतो. अमेरिकेच्या एफ-१६ विमानांची संख्या साडेचार हजारांच्या वर गेली आहे. त्याच्याशी वर्षाला मोजकी विमाने बनवणाऱ्या कारखान्याने किमतीत स्पर्धा करणे सोपे नाही.

गाडी अडते कुठे?

मलेशियाला १८ हलकी लढाऊ विमाने हवी होती. तेजस या स्पर्धेत पुढे असल्याच्या बातम्या आपल्याकडे अनेकदा आल्या. मे २०२३ मध्ये करार झाला तो दक्षिण कोरियाच्या एफए-५० या विमानाचा, सुमारे ९२ कोटी डॉलरला. या कोरियन विमानाचे मूळ रूप ऑगस्ट २००२ मध्ये पहिल्यांदा उडाले, म्हणजे तेजसनंतर दीड वर्षाने. त्यातही जनरल इलेक्ट्रिकचे एफ-४०४ इंजिनच आहे. मग ते इंडोनेशिया, थायलंड, फिलिपिन्स, इराक, पोलंड आणि मलेशियापर्यंत कसे पोहोचले?

पहिले कारण वेळ. पोलंडने सप्टेंबर २०२२ मध्ये ४८ विमाने मागवली आणि पहिली १२ विमाने २०२३ संपायच्या आत पोलंडमध्ये पोहोचली. पुढच्या ३६ विमानांना नंतर उशीर झाला, पण दाखवायला पहिली बारा होती. फिलिपिन्सने २०१४ मध्ये १२ विमाने घेतली आणि २०२५ मध्ये आणखी १२ मागवली. जुना गिऱ्हाईक परत येतो, यापेक्षा मोठी जाहिरात नाही.

आपल्याकडे उलट घडले. २००६ आणि २०१० मध्ये मागवलेली पहिली ४० तेजस विमाने अजून पूर्ण मिळालेली नाहीत, असे हवाई दलप्रमुख ए. पी. सिंह यांनी जानेवारी २०२५ मध्ये जाहीरपणे सांगितले. पुढच्याच महिन्यात बंगळूरच्या एरो इंडिया प्रदर्शनात त्यांनी एचएएलच्या अधिकाऱ्यांसमोर नाराजी व्यक्त केली, तो व्हिडिओ देशभर फिरला. मार्क-१ए चे पहिले विमान मार्च २०२४ पर्यंत द्यायचे होते, ती तारीख हुकली. हवाई दलाची मंजूर संख्या ४२ स्क्वाड्रनची आहे आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ निवृत्त झाल्यावर ती २९ वर आली. घरातल्यांच्याच ताटात वाढायला उशीर होत असेल, तर पाहुणा जेवायला कसा थांबेल?

दुसरे कारण इंजिन. ऑगस्ट २०२१ मध्ये ९९ इंजिनांचा करार झाला, त्यातले पहिले इंजिन मार्च २०२५ मध्ये मिळाले. दरम्यान सांगाडे तयार होऊन कारखान्यात उभे होते. विमानाचा आराखडा आपला, पण हृदय दुसऱ्याच्या हातात. तेजस कोणाला विकायचे असेल तर अमेरिकेचीही संमती लागणार.

तिसरे कारण असेच, पण अधिक बारीक. अर्जेंटिनालाही हलकी विमाने हवी होती. १९८२ च्या फॉकलंड युद्धापासून ब्रिटनचा अर्जेंटिनाला लष्करी सामग्री देण्यास विरोध आहे. तेजसमधली वैमानिकाची बाहेर झेपावणारी खुर्ची ब्रिटिश कंपनीची आहे. कोरियाच्या एफए-५० चीही अर्जेंटिनाला होणारी विक्री ब्रिटिश भागांमुळेच अडली होती. शेवटी २०२४ मध्ये अर्जेंटिनाने डेन्मार्ककडून वापरलेली २४ एफ-१६ विमाने घेतली. एका खुर्चीमुळे आख्खे विमान विकता येत नाही, ते असे.

चौथे कारण विक्रीनंतरची सेवा. एचएएलने दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोरला सात ‘ध्रुव’ हेलिकॉप्टर विकली. त्यातली चार अपघातग्रस्त झाली आणि २०१५ मध्ये इक्वेडोरने करार रद्द केला. दोष कोणाचा यावर दोन्ही बाजूंचे म्हणणे वेगळे होते, पण पुढच्या प्रत्येक ग्राहकाने ती बातमी वाचलेली असते.

म्हणून दुबईच्या अपघाताकडे शांतपणे पाहायला हवे. त्याआधी तेजसचा एकच अपघात झाला होता, मार्च २०२४ मध्ये जैसलमेरजवळ, आणि त्यात वैमानिक वाचला होता. पहिल्या उड्डाणापासून चोवीस वर्षांत दोन अपघात हे लढाऊ विमानांच्या जगात वाईट प्रमाण नाही. तेजसची खरी अडचण कारखान्याच्या वेगात आहे.

भारताला निर्यात जमतच नाही, असेही नाही. ब्रह्मोस क्षेपणास्त्रांसाठी फिलिपिन्सने जानेवारी २०२२ मध्ये ३७.५ कोटी डॉलरचा करार केला आणि एप्रिल २०२४ मध्ये पहिली खेप पोहोचली. वेळेत माल दिला की ग्राहक मिळतो.

नाशिकची लाइन आणि कुशल हात

ओझरच्या नव्या लाइनची क्षमता वर्षाला ८ विमानांची आहे. बंगळूरच्या दोन लाइनची मिळून १६. म्हणजे कागदावर वर्षाला २४. त्यात २५ सप्टेंबर २०२५ रोजी आणखी ९७ विमानांचा ६२,३७० कोटींचा करार झाला. जुनी ८३ आणि नवी ९७ मिळून १८० विमाने आधी आपल्याच हवाई दलाला द्यायची आहेत. त्यामुळे निर्यातीचे भाषण ऐकले की एकच आकडा विचारावा: या वर्षी किती विमाने कारखान्याबाहेर पडली?

९७ विमानांच्या करारामुळे सहा वर्षे दरवर्षी सुमारे ११,७५० प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष रोजगार मिळतील आणि १०५ भारतीय कंपन्या या कामात असतील, असे सरकारने जाहीर केले आहे. नाशिकच्या लाइनमुळे सुमारे एक हजार रोजगार आणि परिसरातील चाळीसहून अधिक उद्योगांना काम मिळाल्याचे उद्घाटनाच्या वेळी सांगण्यात आले.

हे रोजगार फक्त अभियंत्यांचे नसतात. विमान अजूनही बऱ्याच अंशी हातांनी जोडले जाते. हजारो रिव्हेट, किलोमीटरभर लांबीच्या तारा, इंधनाच्या आणि तेलाच्या नळ्या, आणि प्रत्येक जोडाची तपासणी. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक, ड्राफ्ट्समन, पेंटर हे सगळे आयटीआयचे ट्रेड आहेत. आपल्या भागातली मुले हेच ट्रेड करतात आणि चाकण-रांजणगावच्या कंपन्यांत कंत्राटदाराच्या हाताखाली सहा-सहा महिन्यांच्या कामाला लागतात. कळंबपासून ओझर तीनशे किलोमीटरहून लांब आहे, पण चाकणला जाणाऱ्या पोराला ते अंतर जड नाही. जड आहे ती माहितीची कमतरता.

आरक्षण कुठे संपते?

आता मूळ मुद्दा. एचएएल ही केंद्र सरकारची कंपनी आहे, त्यामुळे तिच्या भरतीत अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्गाला आरक्षण लागू आहे. सार्वजनिक उद्योगांनी आपल्या समाजाच्या एका पिढीला घर, पेन्शन आणि मुलांचे शिक्षण दिले. ओझर, खडकी, देहूरोड, अंबरनाथ, वरणगाव, भंडारा या संरक्षण कारखान्यांच्या वसाहतींतून शिकून पुढे गेलेली कुटुंबे आपल्या ओळखीची आहेत.

पण विमान वेगाने बनवायचे म्हणून एचएएल आता मोठे भाग बाहेरून करून घेत आहे. तेजसचे पंख कोइमतूरला लार्सन अँड टुब्रो बनवते. मागचा सांगाडा बंगळूरची अल्फा टोकोल, तर मधला सांगाडा हैदराबादची व्हीईएम टेक्नॉलॉजीज बनवते. वेगासाठी हे आवश्यक आहे आणि त्याला विरोध करण्याचे कारण नाही. कोरिया, स्वीडन, अमेरिका सगळीकडे असेच होते. परंतु काम सरकारी फाटकातून बाहेर पडते, तेव्हा त्याच्यासोबत आरक्षणही मागे राहते. २०२४-२५ मध्ये भारताची संरक्षण निर्यात २३,६२२ कोटींची झाली. त्यात खासगी कंपन्यांचा वाटा १५,२३३ कोटी आणि सरकारी कंपन्यांचा ८,३८९ कोटी. म्हणजे निर्यात जितकी वाढेल, तितके काम अशा ठिकाणी वाढेल जिथे आपल्या जागा राखीव नाहीत. एचएएलच्या आतही अलीकडच्या काही जाहिराती चार वर्षांच्या मुदतीच्या पदांसाठी होत्या, कायम नोकरीच्या नव्हत्या.

पैसा करदात्याचा, ग्राहक सरकार आणि नफा खासगी. अशा वेळी सामाजिक न्यायाची अट कुठे बसते, हा प्रश्न विचारायलाच हवा. सरकारी कंत्राटावर चालणाऱ्या कंपनीने आपल्या कामगारांत कोणत्या समाजाचे किती लोक आहेत एवढे तरी जाहीर करावे, ही मागणी अवाजवी नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ मध्ये भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसे अवलंबून आहेत आणि त्यावरचा उपाय उद्योगीकरण आहे, अशी त्यांची मांडणी होती. शंभर वर्षांनंतर कळंब तालुक्यातली दोन-तीन एकरांची कोरडवाहू शेती आणि दिवाळीनंतर रिकामी होणारी वस्ती पाहिली की ती मांडणी जुनी वाटत नाही. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खात्याचे सदस्य होते. युद्धकाळातल्या कारखान्यांना लागणारे कुशल कामगार घडवणारी तांत्रिक प्रशिक्षण योजना त्या वेळी याच खात्याकडे होती. कारखाना आणि प्रशिक्षण यांचा संबंध बाबासाहेबांनी मंत्रालयात बसून हाताळलेला आहे.

पण शस्त्रे विकावीत का?

आपल्यातले काही वाचक इथे थांबतील, आणि थांबायलाच हवे. अंगुत्तर निकायातील वणिज्जा सुत्तात उपासकाने जे पाच व्यापार करू नयेत असे सांगितले आहे, त्यात पहिला आहे शस्त्रांचा. सम्यक आजीविका मानणाऱ्या समाजाने लढाऊ विमानाच्या निर्यातीचे स्वागत कसे करायचे?

याचे सोपे उत्तर माझ्याकडे नाही, पण दोन गोष्टी वेगळ्या करता येतात. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. देशाच्या रक्षणासाठी विमान बनवणे एका बाजूला येते. नफ्यासाठी कोणालाही विकणे दुसऱ्या बाजूला. पाकिस्तान आणि चीनने मिळून बनवलेले जेएफ-१७ हे तेजससारखेच हलके आणि स्वस्त विमान आहे. ते म्यानमारच्या लष्कराला विकले गेले. २०२१ च्या उठावानंतर त्याच लष्कराच्या हवाई दलाने आपल्याच देशातील गावांवर बॉम्ब टाकले. विकलेले शस्त्र पुढे कोणावर चालते, हे विकणाऱ्याच्या हातात राहत नाही.

म्हणून स्वस्त विमान कोणाला विकायचे हा फक्त व्यापाराचा निर्णय असू नये. ग्राहक देश आपल्या नागरिकांवर बळ वापरतो का, याची तपासणी आणि त्यावर संसदेत चर्चा व्हावी. शस्त्रांच्या व्यापारावरील संयुक्त राष्ट्रांच्या करारात भारत अजून सामील झालेला नाही. निदान त्याच्या तोडीचे नियम आपले आपण करायला काय हरकत आहे?

आज, इथून काय करता येईल?

कायदा एका ठिकाणी आपल्या बाजूने आहे आणि तो फार कमी लोकांना माहीत आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार नेमून दिलेल्या ट्रेडमध्ये मालकाने अनुसूचित जाती आणि जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखून ठेवायच्या आहेत. ही तरतूद सरकारी कारखान्याला आहे तशी खासगी कंपनीलाही आहे. ज्या आस्थापनेत तीस किंवा अधिक लोक काम करतात, तिला एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. अप्रेंटिसशिप संपल्यावर नोकरी देण्याची सक्ती नाही, हे खरे. पण विमानाच्या सुट्या भागावर एक वर्ष काम केलेला फिटर आणि फक्त प्रमाणपत्र असलेला फिटर यांच्यातला फरक भरतीच्या वेळी दिसतो.

एचएएलचा नाशिक विभाग दरवर्षी आयटीआय, पदविका आणि पदवीधारक शिकाऊ उमेदवार घेतो. त्यासाठी अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर आधी नोंदणी झालेली असावी लागते. मुले जाहिरात आल्यावर धावपळ करतात आणि आधारवरचे नाव, दहावीच्या प्रमाणपत्रावरचे नाव आणि जातीचा दाखला जुळत नाही म्हणून अर्ज राहून जातो. नोंदणी आयटीआयच्या पहिल्याच वर्षी करावी आणि जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र तेव्हाच तयार ठेवावे. मुलींनी फिटर, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक, ड्राफ्ट्समन हे ट्रेड घ्यावेत, कारण विमानाच्या तारा आणि तपासणीच्या कामात ताकदीपेक्षा नेमकेपणा लागतो.

गावोगावी १४ एप्रिलचा कार्यक्रम ठरवताना वर्गणीतला थोडा भाग बाजूला ठेवून तालुक्यातल्या आयटीआयच्या दहा मुलांना ओझर किंवा नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत एक दिवस नेऊन आणता येईल. कारखान्याच्या आत प्रवेश मिळाला नाही, तरी बाहेरच्या सुटे भाग बनवणाऱ्या लहान उद्योगांत मिळतो. तिथे मालकाला एकच प्रश्न विचारावा: तुमच्याकडे शिकाऊ उमेदवार किती आहेत आणि त्यात राखीव जागांवर किती? उत्तर लिहून घ्यावे आणि जिल्ह्याच्या शिकाऊ उमेदवारी कार्यालयात तेच पुन्हा लेखी विचारावे.